उदरावरणांतील कर्करोग : बीज, भूमि आणि आयुर्मान

मनुष्याच्या पोटाची पोकळी आंतून एका पातळ, गुळगुळीत व सदैव ओलसर अशा पडद्यानें मढविलेली असते. हाच पडदा वळून जठर, आंतडें, यकृत इत्यादि इंद्रियांवरहि पांघरुणासारखा पसरतो. पाश्चात्त्य वैद्यकांत त्याला पेरिटोनियम म्हणतात. मराठींत त्याला उदरावरण म्हणतां येईल. त्याच्या सर्व घड्या उलगडून तो पसरला तर अंगावरील कातडीच्या क्षेत्रफळाशीं त्याची जवळजवळ बरोबरी होईल, इतका त्याचा विस्तार आहे. आंतड्याचीं वेटोळीं एकमेकांवर न घासतां सरकावींत, एवढ्यासाठीं निसर्गानें ही योजना केली. परंतु मोठ्या आंतड्याचा कर्करोग जेव्हां आंतड्याची भिंत भेदून बाहेर येतो, तेव्हां हाच ओलसर पडदा रोगाच्या कणांना पोटभर हिंडण्यास मोकळें रान देतो.

ह्या अवस्थेचा इतिहास हा फार काळपर्यंत हतबलतेचाच इतिहास होता. शस्त्रवैद्य पोट उघडीत. पडद्यावर तांदळाच्या दाण्यांएवढ्या पांढुरक्या गांठी विखुरलेल्या दिसत. आणि कांहीं न करतां ते पोट पुन्हां शिवून टाकीत. बाहेर वाट पाहणाऱ्या नातलगांना "उशीर झाला" एवढेंच सांगण्यासारखें असे. मग गेल्या तीस-चाळीस वर्षांत असें काय घडलें कीं, त्याच अवस्थेंतील कांहीं रोगी आतां तीन-तीन, पांच-पांच वर्षें जगतात आणि कांहीं मात्र पूर्वीप्रमाणेंच वर्षभरांत निवर्ततात? ह्या प्रश्नाचें उत्तर दोन वेगवेगळ्या वाटांनीं आलें. एक वाट शस्त्रगृहांतून गेली, दुसरी प्रयोगशाळेंतून. आणि ह्या दोन वाटा अलीकडे कोठें एकत्र मिळूं लागल्या आहेत.

दोन्ही वाटांचा उगम शोधूं गेल्यास १८८९ सालापर्यंत मागें जावें लागतें. त्या वर्षीं लंडनचे शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट यांनीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय साप्ताहिकांत एक लेख लिहिला. स्तनाच्या कर्करोगानें मृत्यु पावलेल्या ७३५ रोग्यांच्या नोंदी त्यांनीं तपासल्या होत्या. रोगाचे कण रक्ताच्या प्रवाहाबरोबर वाहत जाऊन जेथें पोंचतील तेथें वाढत असते, तर यकृत आणि प्लीहा ह्या दोन्ही रक्तसंपन्न इंद्रियांत रोग सारख्याच प्रमाणांत आढळावयास हवा होता. प्रत्यक्षांत तो यकृतांत २४१ वेळां आढळला आणि प्लीहेंत अवघा १७ वेळां. ह्यावरून पॅजेट यांनीं शेतकऱ्याचाच दृष्टान्त पुढें मांडला. पेरलेलें बीं वाऱ्यानें चोहोंकडे उधळलें जातें, पण उगवतें तें मानवेल अशा जमिनींतच. म्हणून केवळ बीजाचा अभ्यास पुरेसा नाहीं, भूमीचाहि केला पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें.

उदरावरणाच्या बाबतींत हा दृष्टान्त अक्षरशः लागू पडतो. येथें बीजाला रक्तवाहिनीची वाट धरावी लागत नाहीं. आंतड्याच्या बाहेरील पृष्ठभागावरून तें सुटतें, पोटांतील ओलाव्यावर तरंगतें आणि दुसऱ्या ठिकाणीं जाऊन रुजतें. अमेरिकेंतील स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनीं १९३१ सालीं अंडाशयाच्या कर्करोगासंबंधानें ह्या रुजण्याचें सविस्तर वर्णन केलें. पुढच्याच वर्षीं लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयांतील विकृतिशास्त्रज्ञ कथबर्ट ड्यूक्स यांनीं गुदाशयाच्या कर्करोगाच्या तीन पायऱ्या ठरवून दिल्या. रोग भिंतींतच आहे काय, भिंतीपलीकडे गेला आहे काय, आणि जवळच्या रसग्रंथींत शिरला आहे काय, ह्या तीन प्रश्नांवर त्यांनीं रोग्याचें भवितव्य मोजलें. भिंत ओलांडणें ही किती मोठी घटना आहे, हें त्या साध्या वर्गीकरणानें वैद्यांच्या मनावर कायमचें बिंबविलें.

तथापि भवितव्य मोजतां आलें म्हणून तें बदलतां आलें असें नव्हे. सिंगापूर येथील ३,०१९ रोग्यांची पाहणी २००२ सालीं प्रसिद्ध झाली. मोठ्या आंतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाच्या ह्या रोग्यांपैकीं दर शंभरीं सुमारें तेरा जणांच्या उदरावरणांत रोग पसरला होता, आणि त्यांचें मध्यम आयुर्मान अवघें सात महिने भरलें. शंभर रोग्यांपैकीं पन्नास जण जेवढ्या काळांत दगावतात, त्या काळाला संख्याशास्त्रांत मध्यम आयुर्मान म्हणतात. उरलेले पन्नास त्याहून अधिक जगतात, कांहीं तर पुष्कळच अधिक. यापुढें येणारे आयुर्मानाचे आंकडे ह्याच अर्थानें घ्यावयाचे आहेत. ते कोणाहि एका मनुष्याच्या आयुष्याची मुदत सांगत नाहींत.

ह्या सात महिन्यांविरुद्ध ज्यांनीं बंड पुकारलें, त्यांत वॉशिंग्टनचे शस्त्रवैद्य पॉल शुगरबेकर यांचें नांव प्रथम घ्यावें लागतें. रोग जोंपर्यंत उदरावरणापुरताच आहे, तोंपर्यंत तो शरीरभर पसरलेला नसून एका पोकळींत कोंडलेला आहे, अशी त्यांची भूमिका होती. तसें असेल तर रोगट झालेला पडदा सोलून काढावा, गांठी कापाव्या आणि डोळ्यांना दिसणारा रोग शिल्लक राहूं देऊं नये. १९९५ सालीं त्यांनीं ह्या शस्त्रकर्माची रीत पद्धतशीरपणें लिहून प्रसिद्ध केली. पोटाचे तेरा भाग कल्पून प्रत्येक भागाला गांठींच्या आकाराप्रमाणें शून्य ते तीन गुण द्यावयाचे, म्हणजे एकूण गुण जास्तींत जास्त ३९ होतात. ही मोजणीहि त्यांच्याच शाळेची. गुण जितके कमी, तितकी शस्त्रकर्माची आशा अधिक.

परंतु डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचें काय? त्यासाठीं तापविलेलें औषध पोटांत फिरविण्याची कल्पना निघाली. अमेरिकेंत केंटकी प्रांतांतील लुइव्हिल येथें जॉन स्प्रॅट व त्यांचे सहकारी यांनीं तसा प्रयोग करून १९८० सालीं प्रसिद्ध केला होता. उदरावरण व रक्त यांच्यामधील अडसरामुळें पोटांत ओतलेलें औषध रक्तांत सावकाश उतरतें. म्हणून तें पोटांत फार तीव्र प्रमाणांत ठेवतां येतें. उष्णतेनें त्याचा मारा वाढतो. मात्र तें पृष्ठभागापासून कांहीं मिलिमीटरच आंत शिरतें. म्हणून आधीं शस्त्र आणि मग औषध हा क्रम चुकवितां येत नाहीं.

हॉलंडच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत ह्या जोडउपायाची पहिली मोठी परीक्षा झाली. १०५ रोग्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गटांत वांटणी करण्यांत आली. एका गटाला तोंवर रूढ असलेलें रसायनोपचाराचें औषध दिलें. दुसऱ्याला तें देऊन शिवाय शस्त्रकर्म व ऊष्ण औषधस्नान दिलें. २००३ सालीं निकाल प्रसिद्ध झाला : पहिल्या गटाचें आयुर्मान १२.६ महिने, दुसऱ्याचें २२.३ महिने. मात्र ह्या लाभाची किंमतहि जबर होती, कारण दुसऱ्या गटांत दर शंभरीं आठ रोगी त्या उपचारानेंच दगावले. तरीहि जेथें पूर्वीं पोट उघडून मिटण्यापलीकडे कांहीं होत नसे, तेथें आयुष्य जवळजवळ दुप्पट झालें होतें. ही पद्धति युरोप-अमेरिकेंत फैलावली, आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासह भारतांतील मोठ्या कर्करोग-केंद्रांतहि तिचा अवलंब झाला.

मग एक अडचणीचा प्रश्न पुढें आला. शस्त्र आणि ऊष्ण औषध हीं दोन्हीं एकदम वापरलीं होतीं. गुण कोणाचा आला? फ्रान्समधील १७ रुग्णालयांनीं २०० हून अधिक रोग्यांवर ह्याच प्रश्नाचा निकाल लावण्याचें ठरविलें. २००८ ते २०१४ ह्या काळांत २६५ रोगी निवडले गेले. सर्वांवर तेंच संपूर्ण शस्त्रकर्म झालें. निम्म्यांना त्याशिवाय ४३ अंश उष्णतेचें ऑक्झालिप्लॅटिन नांवाचें औषध अर्धा तास पोटांत फिरविलें. २०२१ सालीं सविस्तर निकाल छापून आला. औषधस्नान मिळालेल्यांचें आयुर्मान ४१.७ महिने, न मिळालेल्यांचें ४१.२ महिने! म्हणजे फरक जवळजवळ नाहींच. उलट साठ दिवसांनंतर दिसून आलेले गंभीर त्रास औषधस्नान घेतलेल्यांत अधिक होते. औषध दुसरें असतें, किंवा अर्ध्या तासाऐवजीं अधिक वेळ फिरविलें असतें, तर निकाल वेगळा लागता, असा पक्ष घेणारे तज्ज्ञ आहेत, आणि तो वाद मिटलेला नाहीं. पण एक गोष्ट निर्विवाद ठरली. निवडक रोग्यांत कुशल हातांनीं केलेलें संपूर्ण शस्त्रकर्म व त्याच्या जोडीला शिरेंतून दिलेला आधुनिक रसायनोपचार यांच्या बळावर निम्मे रोगी तीन वर्षांहून अधिक काळ जगतात.

येथें शस्त्रगृहाची वाट एका भिंतीशीं येऊन थांबते. दोन रोग्यांच्या पोटांत गांठी सारख्याच, शस्त्रवैद्य तोच, रोगहि तितकाच निपटून काढलेला. तरी एकाच्या पोटांत सहा महिन्यांत गांठी पुन्हां उगवतात आणि दुसरा वर्षानुवर्षें निर्वेध राहतो. भूमि एकच असतां पीक निराळें येत असेल, तर बीजांतच भेद असला पाहिजे.

बीजाच्या शोधाची कथा अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत, अ‍ॅन आर्बर ह्या विद्यापीठाच्या गांवीं सुरू होते. १८९५ सालीं विकृतिशास्त्रज्ञ आल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्या शिवणकाम करणाऱ्या बाईनें खिन्नपणें सांगितलें कीं, आपल्या घरांतील पुष्कळ माणसें आंतड्याच्या, पोटाच्या वा गर्भाशयाच्या कर्करोगानें गेलीं आहेत आणि आपणहि तशींच जाणार. तिचें भाकीत पुढें खरें ठरलें. वॉर्थिन यांनीं तें वाऱ्यावर सोडलें नाहीं. त्या कुटुंबाची वंशावळ त्यांनीं जमविली आणि १९१३ सालीं प्रसिद्ध केली. कर्करोग आनुवंशिक असूं शकतो ही कल्पना त्या काळीं फारशी कोणाच्या गळीं उतरली नाहीं. पुढें १९६० नंतरच्या दशकांत हेन्री लिंच यांनीं अशींच आणखी कुटुंबें शोधून काढलीं, आणि ह्या आनुवंशिक विकाराला त्यांचेंच नांव मिळालें.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयांतहि १९२५ च्या सुमारास पर्सी लॉकहार्ट-ममरी यांनीं दुसऱ्या एका प्रकारच्या कुटुंबांची नोंद ठेवण्यास आरंभ केला होता. ह्या कुटुंबांतील माणसांच्या मोठ्या आंतड्यांत तरुणपणींच शेकडों मोड उगवत, आणि त्यांतील एखादा मोड पुढें कर्करोग होऊन बसे. साठ वर्षांनंतर, १९८६ सालीं, अशाच एका रोग्याच्या पांचव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला आढळला. तो धागा पकडून १९९१ सालीं संशोधकांनीं एपीसी नांवाचें जनुक हातीं घेतलें. जनुक म्हणजे पेशीच्या कारभाराचें लिहून ठेवलेलें एक कलम. एपीसीचें कलम पेशींच्या वाढीला लगाम घालण्याचें आहे. तें बिघडलें कीं लगाम सुटतो आणि मोड उगवूं लागतो.

बाल्टिमोर येथील बर्ट फोगेलस्टाइन व त्यांचे सहकारी यांनीं १९८८ सालीं आंतड्याच्या १७२ गांठींचे नमुने तपासून दाखविलें कीं, लहान मोडापासून पूर्ण कर्करोगापर्यंतच्या वाटचालींत जनुकांतील बिघाड एकावर एक सांचत जातात. रास नांवाच्या वाढीच्या जनुकांत होणारा बदल हा त्यांतलाच एक. ह्या कुळांतील के-रास हें जनुक मोठ्या आंतड्याच्या कर्करोगांत दर शंभरीं सुमारें चाळिसांत बिघडलेलें आढळतें. २००२ सालीं इंग्लंडमधील सँगर संस्थेच्या संशोधकांनीं बी-राफ ह्या दुसऱ्या जनुकांतील बिघाड उजेडांत आणला. त्या जनुकाच्या प्रथिनांत सहाशेव्या जागीं व्हॅलिन ऐवजीं ग्लुटामिक आम्ल येतें. एवढ्या एका अदलाबदलीनें पेशीला वाढण्याचा हुकूम अखंड मिळत राहतो.

ह्या बिघाडांचें मर्म दारावरच्या विजेच्या घंटेवरून समजेल. बाहेरून कोणी कळ दाबली कीं घंटा वाजते, बोट काढलें कीं थांबते. पेशीच्या पृष्ठभागावर अशीच एक कळ असते आणि तिच्यामागें रास व राफ यांची तार असते. २००४ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेलें सेटुक्सिमॅब हें औषध ही कळ झांकून टाकतें. पण आंतली तारच एकमेकींस चिकटली असेल, तर कळ झांकून घंटा कशी थांबणार? २००८ पर्यंत हें प्रयोगानें सिद्ध झालें : के-रास बिघडलेल्या रोग्यांना त्या औषधाचा कांहीं उपयोग होत नाहीं. तेव्हांपासून जनुकांची तपासणी ही केवळ शास्त्रज्ञांची जिज्ञासा न राहतां औषधयोजनेचा भाग झाली.

आतां दोन्ही वाटा जेथें मिळतात तें स्थळ जवळ आलें. २०११ सालीं ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील नोंदींवरून असें प्रसिद्ध झालें कीं, दूरवर पसरलेल्या आंतड्याच्या कर्करोगांत बी-राफ बिघडलेलें असेल तर उदरावरणांत रोग आढळण्याचें प्रमाण शेंकडा ४६ असतें, आणि तें शाबूत असेल तर शेंकडा २४. आयुर्मान पहिल्या गटांत १०.४ महिने व दुसऱ्यांत ३४.७ महिने. ह्यावरून बीजाचा प्रकार आणि त्याला मानवणारी भूमि यांचें नातें पॅजेट यांच्या कल्पनेहून अधिक निकटचें आहे असें दिसतें. २०१६ सालीं चौदा चाचण्यांतील दहा हजारांहून अधिक रोग्यांचा हिशेब एकत्र मांडला गेला. रोग केवळ उदरावरणांत असलेल्यांचें आयुर्मान १६.३ महिने, केवळ यकृतांत असलेल्यांचें १९.१, तर केवळ फुप्फुसांत असलेल्यांचें २४.६ महिने भरलें.

ज्यांच्यावर मोठें शस्त्रकर्म झालें, अशा रोग्यांच्या नोंदीहि अनेक रुग्णालयांनीं पुन्हां उघडून पाहिल्या. त्यांतूनहि बहुधा हेंच निघालें कीं, रास किंवा बी-राफ बिघडलेल्यांत रोग लवकर उलटतो, आणि त्यांतहि बी-राफचा बिघाड अधिक घातक. परंतु असे रोगी थोडे, आणि शस्त्रकर्मासाठीं निवडलेले रोगी मुळांतच बरे असतात. म्हणून हे आंकडे जपून वाचले पाहिजेत. शिवाय प्रत्येक बिघाड अशुभच असतो असेंहि नाहीं. वॉर्थिन यांच्या त्या कुटुंबांत जें जनुक बिघडलेलें निघालें, त्याचें काम पेशींतील लिखाणाच्या चुका दुरुस्त करण्याचें होतें. हें दुरुस्ती-खातें बंद पडलें कीं कर्कपेशींत चुका अमाप वाढतात. पण त्या चुकांमुळेंच ती पेशी शरीराच्या रक्षकांना परकी म्हणून ओळखूं येते. रक्षकांचे हात मोकळे करणारें पेंब्रोलिझुमॅब हें औषध अशा रोग्यांना लागू पडतें, हें २०१५ सालीं दिसून आलें. पुढें पसरलेल्या रोगाच्या ३०७ रोग्यांच्या चाचणींत, रोग पुढें न सरकण्याचा मध्यम काळ ह्या औषधानें १६.५ महिने आणि रसायनोपचारानें ८.२ महिने आला. तो निकाल २०२० सालीं प्रसिद्ध झाला. जें वंशाला शापासारखें होतें, त्यांतच उपायाची फट सांपडली.

बी-राफच्या बाबतींतहि निराशा थोडी ओसरली आहे. त्वचेच्या एका कर्करोगांत बी-राफ दाबणारें औषध गुण देई, पण आंतड्याच्या कर्करोगांत तें निष्प्रभ ठरे. अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनीं २०१२ सालीं ह्याचें कारण दाखविलें : आंतड्याच्या पेशींत तें जनुक दाबलें कीं पृष्ठभागावरची कळच पुन्हां जोर धरते. म्हणून कळ व तार दोन्हीं एकदम रोखलीं पाहिजेत. तशी जोडऔषधें वापरून झालेल्या चाचणीचा निकाल २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. दोन औषधें मिळालेल्यांचें आयुर्मान ८.४ महिने, जुन्या उपचाराचें ५.४ महिने. वाढ तीन महिन्यांचीच; परंतु शत्रूची चाल ओळखून मिळविलेले हे तीन महिने आहेत.

ह्या सर्व इतिहासाचा व्यवहारांत उपयोग काय? पहिला उपयोग निर्णयाचा. दहा-दहा तास चालणारें, महिनोन्‌महिने अशक्तता आणणारें शस्त्रकर्म करावें कीं न करावें, हा प्रश्न घरांतील वडील माणसांपुढें येतो, तेव्हां पोटांतील गुणांची बेरीज, रोगी सोसूं शकेल कीं नाहीं याचा अंदाज आणि गांठीच्या जनुकांची तपासणी ह्या तिन्ही गोष्टी समोर ठेवूनच वैद्यांशीं बोलणें व्हावें. बी-राफ बिघडलें म्हणजे शस्त्राचा मार्ग बंदच झाला असें नव्हे; पण आशेचें माप त्यामुळें बदलतें, आणि खोट्या आशेवर घेतलेल्या निर्णयाचें दुःख रोग्यालाच भोगावें लागतें. दुसरा उपयोग वंशाचा. दुरुस्तीचें जनुक बिघडलेलें निघाल्यास तो बिघाड वंशपरंपरेचा आहे काय हें रक्त तपासून ठरवितां येतें. तसा असल्यास भावंडांनीं व मुलांनीं तरुणपणापासूनच ठराविक मुदतीनें दुर्बिणीनें आंतड्याची तपासणी करवून घ्यावी. मोड मोडाच्याच अवस्थेंत काढला गेला, तर भिंत ओलांडण्याचा प्रसंगच येत नाहीं.

अ‍ॅन आर्बरच्या त्या शिवणकाम करणाऱ्या बाईला आपलें मरण दिसत होतें, पण तें टाळण्याचें साधन कोणाजवळ नव्हतें. आज तिच्यासारखी एखादी स्त्री वैद्याजवळ हीच कुळकथा सांगेल, तर तिला देण्यासारखें उत्तर आहे. मात्र त्यासाठीं आपल्या घरांत कोण कशानें गेलें हें लपवून न ठेवतां सांगितलें गेलें पाहिजे, आणि ऐकणाऱ्यानें तें वॉर्थिन यांच्याप्रमाणें लिहून घेतलें पाहिजे.